साहेबाने दाबलेले चिकू

त्या तपासणीवाल्या साहेबाचं तुम्हाला सांगायचंच राहिलं. विवळवेढ्याला हायवेवर मी चिकूची टोपली घेऊन बसले होते, तर हा जीपमधून उतरला.

"पावडर टाकून पिकवलेस का, मावशी?"

"भाताच्या पेंढ्यात पिकवलेत, साहेब."

त्याला पटेना. एकेक चिकू अंगठ्याने दाबत म्हणाला, "खाण्याच्या मालात भेसळ केली तर सहा महिने तुरुंग आहे."

"आणि दाबून माल बिघडवला तर किती? हे संध्याकाळपर्यंत काळे पडतील. मग कोण घेईल माझ्याकडून?"

"मी फक्त तपासत होतो."

"सगळी गिऱ्हाइकं हेच सांगतात."

दाबलेले सगळे चिकू मी त्याला घ्यायला लावले. जीपमध्ये चढताना तो ड्रायव्हरला म्हणाला, "पुढच्या बाईचे चिकू तू दाब."