पंख्याचा वारा

—नाही नाही, हेलिकॉप्टर पडलं नाही मावशी, कोणी सांगितलं तुम्हाला? ते उडतच नाही तर पडेल कुठून? बसा आधी. हा बाक डुगडुगतो, तुम्ही भिंतीकडच्या बाजूला बसा. ती पिशवी द्या माझ्याकडे— बरं, राहू दे, ठेवा मांडीवर. काका आत आहेत, स्कॅन झाला, डोक्यात रक्ताची गुठळी झालीय, ती विरघळवायचं इंजेक्शन चालू केलंय. मी कृतिका, नर्स आहे, म्हणजे इथली नाही, आम्ही त्या गिरीजच्या केळीच्या वाडीमागे ट्रेनिंगला आलोय ना, त्यातली. काकांच्या शेजारीच होते मी. गाडीत घालून आम्हीच आणलं त्यांना. लगेच आणलं. अगदी लगेच.

सांगितलं असेल ना त्यांनी घरी, वाडीमागे हेलिकॉप्टर आलंय म्हणून? जुनं आहे हो ते, वरचे पंखे काढलेले, इंजिन नाही, नुसता डबा— ट्रकवर घालून आणून मैदानात ठेवलाय. आजारी माणसाला हवेतून न्यायचं ना, तर खालची नर्सगिरी तिथे चालत नाही. आता बघा, घाटात गाडी चढली की वेफर्सचं पाकीट कसं टम्म फुगतं? तसंच वर गेलं की पेशंटच्या छातीत अडकलेली हवा फुगते. घशातल्या नळीचा फुगा असतो, तोसुद्धा फुगतो, म्हणून आम्ही त्यात पाणी भरतो— सलाईनचं पाणी. आणि आवाज एवढा की तुम्ही बोंबललात तरी शेजारच्याला ऐकू जाणार नाही. त्यासाठी सरांनी लग्नाच्या हॉलमधला तो भलामोठा पंखा आणून दाराशी लावलाय, वर स्पीकरवर इंजिनाची घरघर. आमचे उमंग सर, मोठे डॉक्टर आहेत, ते एकच गोष्ट सारखी घोकून घेतात— वर कान कामाचे नाहीत, पेशंटचं तोंड बघा. तोंडावरनं नजर हलवायची नाही.

मग पेशंट पाहिजे ना झोपायला? रबराचा पुतळा आहे आमच्याकडे, पण तो कण्हत नाही, पाणी मागत नाही. सर म्हणाले गावातलं कोणी मिळेल का, तर काका केळीची राखण सोडून पुढे आले, मी झोपतो म्हणाले. मरायच्या आधी एकदा त्यात बसायचा हाय, म्हणाले. आणि काय काम केलं हो! छातीला लाल रंग फासला, तर हे असे विव्हळायला लागले की आमच्यातल्या रॉकी ब्रदरनं खरंच घाबरून सरांना हाक मारली. सगळे हसले. काकाही हसले. दोन दिवस सगळ्यांचे लाडके झाले होते, जेवायला आधी काकांना वाढायचे सगळे. म्हणूनच तर— म्हणूनच आज कोणाला लगेच कळलं नाही. वाटलं, करतायत नेहमीसारखं.

चहा घ्याल? नको? थोडा घ्या ना. अहो दादा, मोबाईल हळू लावा जरा, हॉस्पिटल आहे हे! बघा ना, लोकांना काही—

हां. आज परीक्षा होती. एकेकानं आत जायचं, पंखा चालू, घरघर चालू, आणि काकांना सांभाळायचं. माझा नंबर आला. काका थोडं गप्प गप्प वाटले मला, पण म्हटलं, दमले असतील. पट्टा बांधला, मास्क लावला, आणि त्यांनी मास्क बाजूला करून माझ्या कानाशी काहीतरी म्हटलं. सर खिडकीतून डोकं आत घालून ओरडले, काय म्हणतायत ते? म्हणून मी ओरडून सांगितलं, पंख्याचा वारा लागतोय म्हणतात. सरांनी पंखा बंद करायला लावला. तो लगेच थांबतोय थोडाच, गरगर गरगर फिरत राहिला. मग मी तोंड बघितलं, तर ओठाची एक बाजू खाली ओघळलेली, आणि हात उचलायला सांगितला तर एक हात वर येईना. तेव्हा मी ओरडले. सगळ्यात आधी मीच ओळखलं. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं गाडीत, असं तोंड बघायचं असतं, शिका हिच्याकडून. पास म्हणाले मला. तिथल्या तिथे.

असं नका ना बघू मावशी.

ते काय म्हणाले ते विचारताय ना? सांगितलं की, वारा लागतोय. म्हणजे— अंगावरना वारा गेला गो, असं म्हणाले. शब्दाला शब्द तेच ना? अंगावरून वारा. समोर पंखा भणाणतोय, तर वारा म्हटल्यावर पंख्याचाच वाटणार ना माणसाला? दुसरं काय वाटणार? त्या सगळ्या बाहेरच्या मुली, कोणी केरळची, कोणी दिल्लीची, त्यांना काय माहिती अंगावरून वारं जाणं म्हणजे काय ते. त्यांना कसं कळणार.

हो. त्यांना नाही कळणार.

मला कळलं होतं. कळलं होतं मावशी, आता तुमच्यापासून काय लपवू. माझ्या मामाच्या अंगावरून असंच वारं गेलं होतं मिठागरावर, अर्धं अंग लुळं पडलं त्याचं, आई तेव्हा केवढ्यानं किंचाळली होती, भायच्या अंगावरना वारा गेला म्हणून. मग कसं नाही कळणार? पण काकांनी ते म्हटलं ना, तेव्हा माझा हात धरून म्हटलं, आणि शेवटी गो म्हणाले, आणि सगळे खिडकीतून बघत होते— आणि मला पहिलं काय आलं मनात, तर आता हे पुढे बोलतील आणि सगळ्यांना कळेल. वारं गेलं ते नाही आलं आधी मनात. हे आलं. शी!

काय कळेल म्हणजे? अहो, काका झोपायला आले त्या पहिल्याच दिवशी ओळखलं होतं त्यांनी मला. रंग फासत होते मी त्यांच्या छातीला, तर माझ्या तोंडाकडे बघत बसले आणि म्हणाले, तू हिराची पोर ना गो? मिठागराकडची? आणि मी म्हटलं, नाही काका, मी मुंबईची. असं, पटकन. हसून. मी राहते इथल्याच आचोळ्याला, त्यात मुंबई कुठून आली? पण आदल्या दिवशी जेवताना त्या दिल्लीवालीनं विचारलं होतं, ये लोग पानी को क्या बोलते हैं, और ये ‘गो’ क्या होता है, आणि सगळे गो गो करून हसले होते, वाईट नव्हतं हो त्यांच्या मनात, पण मीही हसले. त्यांच्यापेक्षा जोरात हसले. मग दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडानं म्हणू, हो, मी हिराची?

आणि काका काय म्हणाले माहितीये? बरा बरा, म्हणाले. चुकला माझा. पुन्हा त्यांनी विषय नाही काढला. त्यांना कळलं होतं की मी खोटं बोलतेय. म्हाताऱ्या माणसाला एवढं नाही कळणार? माझं तोंड आईसारखंच आहे, सगळे म्हणतात. तुम्हालाही वाटलं ना आल्या आल्या? काकांनी घरी सांगितलं असेल, तरीच तुम्ही पिशवी दिली नाहीत.

आणखी एक सांगते, आता तोंडात आलंच आहे तर. सरांचा नियम आहे, खोट्या पेशंटला खरंच काही व्हायला लागलं तर त्यानं म्हणायचं, ‘स्टॉप ड्रिल’. एवढं म्हटलं की सगळं जागच्या जागी थांबतं. आणि सर मला म्हणाले, तुला मराठी येतं, तू काकांना त्यांच्या भाषेत समजाव. त्यांच्या भाषेत! अगदी हेच शब्द. तर मी सगळ्यांसमोर उभी राहून बातम्या वाचल्यासारखं म्हटलं, काका, प्रत्यक्षात अस्वस्थता जाणवल्यास स्टॉप ड्रिल असं म्हणावं. ते म्हणाले, म्हंजे काय गो? मी म्हटलं, कळलं ना? थँक्यू. आणि गेले पुढे. दोन शब्दांचं काम होतं मावशी. काका, खराच काय झाला तर हात वर करा न बोंबला— एवढंच म्हणायचं होतं. घरात असते तर तोंडातनं आपोआप आलं असतं. आईशी फोनवर मी काय बोलते मग? तेच बोलते, पण जिन्यात जाऊन बोलते. दार लावून.

किती वेळ गेला त्यात, तुम्ही विचारत नाही, पण मीच विचारते सारखी. पंखा थांबेपर्यंतचा. जास्त नाही. पण ह्या दुखण्यात तेवढा वेळही मेंदू खातो, मला शिकवलंय ते, मी दुसऱ्यांना शिकवते ते. सरांना नाही सांगितलं मी. गाडीत ते माझी पाठ थोपटत होते आणि मी काकांचा हात धरून बसले होते, तो जड झालेला, आणि मी म्हणत होते, काका, मना बघा, मीच हिराची, मना ओलखला ना तुम्ही— तेव्हा मी बोलले. इंजिन नव्हतं, पंखा नव्हता, सगळे ऐकत होते, आणि तेव्हा बोलले. काय उपयोग?

रडू नका ना. नाही, तुम्ही नाही रडत. मीच—

हां डॉक्टर? हो, ह्याच त्यांच्या मिसेस. मी? मी त्यांच्याबरोबरच आहे. शुद्धीवर आहेत? बोलतायत? बघा मावशी, बोलतायत ते! काय म्हणतायत? नाही, तुम्हाला कळणार नाही डॉक्टर, तोंड वाकडं झालंय ना आणि त्यात आपली— त्यात त्यांची भाषा. कसं म्हणाले? पुन्हा म्हणून दाखवा. ‘पोर’... हां. ‘पोर पा—’... ‘झाली का’...

मला नाही कळत डॉक्टर. त्यांना विचारा ना, त्या घरच्या आहेत. मावशी, तुम्ही सांगा. सांगा ना. तुम्हाला कळलं ते, मला दिसतंय तुम्हाला कळलं. मावशी, माझ्याकडे काय बघताय, डॉक्टरांना सांगा—

बरं.

विचारतायत, पोर पास झाली का. मध्येच आजारी पडले ना, तर माझी परीक्षा बुडाली वाटतंय त्यांना.

नाही झाली म्हणावं. जा मावशी तुम्ही आत, त्यांना सांगा, हिराची पोर नापास झाली.