दाभोळचा ३८६

दाभोळच्या इस्माईलभाईंचं तुम्हाला कधी सांगितलंय का? दोन हजार दोनच्या सुमाराला मी रत्नागिरीत घरी बसून एक छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायचो. वापरणारे जेमतेम दहा जण, त्यांतले एक इस्माईलभाई. आखातातून कायमचे परतताना त्यांनी सोबत जुन्या ३८६ प्रोसेसरचा एक कॉम्प्युटर आणला होता.

माझं सगळं घोडं त्या ३८६पाशी अडलेलं. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी मेमरीतला एकच आकडा बदलायला गेले, तर गोंधळ होऊ नये म्हणून नवे प्रोसेसर आधीचा आकडा तपासून एका दमात नवा ठेवतात. ३८६ला ते जमतच नाही. म्हणून त्याच्यासाठी जागोजागी वेगळा कोड, आणि नेमक्या चुका त्यातच. तो काढला की सुटका! पण भाईंना सांगायचं कसं? प्रत्येक नवी आवृत्ती ते त्या मशीनवर चालवून बघायचे आणि काय बिघडलं ते फोन करून कळवायचे.

शेवटी दाभोळला गेलो. चहा झाल्यावर चाचरत म्हणालो, "भाई, माफ करा. यापुढे ३८६ चालणार नाही."

भाई बघतच राहिले. "अरे, वर्षभरापासून माझं काम नव्या पेन्टियमवर चालतंय. हा खोका तुझ्यासाठी ठेवलाय. म्हटलं, बिचाऱ्याला तपासायला दुसरा कुठे मिळणार?"

नवी आवृत्ती निघाली, तेव्हा आभारात मी एकच नाव लिहिलं. ज्यांचं मशीन वगळलं, त्यांचंच.