वारं कोणाच्या अंगात?

आमच्या मायले इंग्रजीचं एक अक्षर समजत नाई, पण मेटल, म्हंजे त्या धडाधड गिटारच्या इंग्रजी गाण्यांवरचा माझा दोन वर्षांचा प्रोजेक्ट तिनंच पास केला. खोटं नाई सांगत!

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात माझी तोंडी परीक्षा होती. माझं म्हणणं एवढंच, की मेटलचा व्हिडिओ आवाज बंद करून पाह्यला तरी तो मेटलचा आहे हे समजते. बाहेरून आलेले परीक्षक हसले. "मग करा आवाज बंद. आणि मला नका सांगू, त्यांना विचारा," म्हणत त्यांनी मागच्या बाकाकडं बोट केलं. तिथं माय बसली होती. मासोळीच्या जाळ्याचा दोरा घ्याले माझ्यासंगं बाजारात आली होती, अन् माझी परीक्षा होईपर्यंत तिथं थांबली होती. मी आवाज बंद करून व्हिडिओ लावला.

पडद्यावर जंगल, धूर, अन् काळ्या कपड्यातला गायक केस उडवत बोंबलून राह्यला होता.

परीक्षकांनीच विचारलं, "मावशी, काय दिसतं?"

माय म्हणे, "साहेब, झाडाचं एक पान हलून नाई राह्यलं, अन् याचेच केस उडून राह्यले. म्हंजे वारं बाहेर नाई, याच्या अंगात आलं हाय."

परीक्षकांनी पेन खाली ठेवला. "शूटिंगच्या वेळी समोर पंखा लावतात, हे मला माहीत होतं. मेटल म्हणजे काय, ते आज कळलं. कुठं शिकलात हे?"

"तळ्यावर. जाळं टाकाच्या आधी वारं समजाले झाडाचं पान पाहा लागते."

वर्गात सगळ्यात जास्त मार्क मले भेटले. बाहेर आल्यावर माय म्हणे, "पोरी, एवढं समजाले तुले दोन वर्षं काऊन लागले?"