शोभेच्या दांड्या

गाडीचं कौतुक माह्यासमोर नका करू रे! माहा मोठा भाऊ नागपूरहून नवी मोठी गाडी घेऊन बालाघाटले आलता. समोर चकाकणारी जाळी, टपावर दोन चांदीसारख्या दांड्या. दिवसभर मोहल्ल्याले तेच दाखवत राह्यला.

निघताना आईनं तांदळाचं पोतं काढलं. "डिक्की भरली असन तं टपावर बांध, बाबू."

भाऊ भडकला. "आई, वजन नाही ठेवायचं तिथं! त्या दांड्या फक्त शोभेच्या आहेत."

बाबा लकव्यानं खाटेवर पडून होते, तवा हा एकदाही आला नाही. तेरवीले मात्र सगळ्यांच्या समोर, फोटोजवळ बसलता.

आईनं दांड्यांकडे पाह्यलं अन् मले म्हणाली, "पोतं आत ने. गाडी बी त्यानं सोतासारखीच घेतली."