शेजारची जागा

हरी : तिकीट नको म्हणालास, तेही ऐकून घेतलं. मग शनिवारी माझ्या शेजारी येऊन बसलास तो कशाला? आणि बसलास तर तोंडातून एक शब्द तरी काढायचास!

तात्या : हरी, आधी टेक. पद्मा, याला पाणी दे गं. रेवसपासून एस्टीत उभा आलाय वाटतं.

हरी : पाणी राहू दे. आज सोमवार, खेळाला सुट्टी, म्हणून पहिल्या लाँचनं एवढ्याचसाठी रेवदंड्याला आलो. पंचवीस वर्षं आपण मुंबईचे क्रिकेटचे सामने जोडीनं बघतोय. यंदा तिकीट दुप्पट झालं, तर तू पेन्शनीचं कारण काढलंस. मी काढतो म्हटलं, तर तुला झोंबलं.

तात्या : झोंबलंच. तिकीट, जाणं-येणं, खाणावळ... दोन वर्षांचे सामने सोडले की घरी रेडिओ येतो. तो आणला. इथंच बसून ऐकलं सगळं.

पद्मा : खरंय, हरीभावजी. शनिवारी हे घरातून हललेसुद्धा नाहीत.

हरी : वहिनी, तुम्ही त्याची बाजू घेऊ नका. जेवणाच्या सुट्टीनंतर हा आला. गळ्यात हाच मफलर. शेंगा पुढे केल्या, घेतल्या नाहीत. म्हटलं, रुसलाय. चहाच्या वेळेला मी जरा उठलो, परत येतो तर जागा रिकामी.

तात्या : अरे, तिकिटाशिवाय मला आत कोण सोडील?

हरी : तेच तर. येशील या आशेनं मी तुझंही पाची दिवसांचं तिकीट काढून ठेवलं होतं. हे बघ, माझ्या खिशातच आहे. शनिवारचा तुकडा फाडलेला नाही.

तात्या : मग माझ्यासारखा दुसरा कुणी असेल. बरं, त्या पुढच्या पारशीबाबांची कवळी सापडली का रे?



हरी : कवळी?

तात्या : चौकार गेला तेव्हा ओरडताना पडली ना, बाकाखाली? तू वाकून शोधत होतास.

हरी : हे रेडिओवर सांगितलं?

तात्या : सांगितलं असणार. नाहीतर मला कसं कळेल?

पद्मा : शनिवारी रेडिओची बॅटरी बारालाच उतरली होती.

तात्या : काहीतरीच काय!

पद्मा : नुसती खरखर चालली होती, नंतर तीही बंद पडली. तरी तुम्ही कान लावून बसलेले. दोनदा कॉफी विचारली. डोळे उघडे, पण उत्तर नाही. हात धरला तर बर्फासारखा गार. नाकाशी बोट धरून बसले होते मी, भावजी. पार उशिरानं यांनी मोठा श्वास घेतला, आणि मला म्हणाले, "गर्दी फार होती."

तात्या : तू बोलली नाहीस मला हे.

पद्मा : काय बोलू? डॉक्टरला तरी काय सांगायचं?

हरी : तात्या, माझ्याकडे बघ. खरं काय ते सांग.

तात्या : पाठीला ऊन लागत होतं. फार बरं वाटत होतं रे. तू शेंगा पुढे केल्यास ना, तेव्हा हात उचलेना. चहाला तू उठलास, तेव्हा मनात आलं, आपणही याच्यामागून चालू लागावं.

हरी : मग?

तात्या : भीती वाटली. उठलो असतो, तर इकडे परत आलो नसतो.

हरी : उद्या-परवाचे तुकडे शिल्लक आहेत. दुपारच्या लाँचनं माझ्याबरोबर चल. आणि पैशाचा विषय काढलास तर याद राख.

तात्या : हरी, अरे पण...

पद्मा : जा तुम्ही. पिशवी भरते मी. दोन धोतरं पुरतील?

तात्या : दोन दिवस एकटी राहशील तू घरात?

पद्मा : त्याचं काय? शनिवारीही एकटीच होते.