बारशाला तोंड बांधून

—वास? माझ्या बांगड्यांना वास? मनीषा वहिनी, हे तुम्ही दुसऱ्या कुणाला सांगा, मांद्र्याच्या शेवंतीला नको. आज उजाडायच्या आत दत्तारामच्या होडीवरून उचललेत—हे बघा, कल्ला उघडून दाखवते, आहे की नाय लाल? बरं, अगदी लाल नसेल, विटकरी म्हणा, माझ्या डोक्यावरून उन्हात पेडण्यापर्यंत आलेत बिचारे, तुम्ही एवढं उन्हात हिंडलात तर तुम्हीसुद्धा विटकरी व्हाल. थांबा, नाकाला लावून बघते. हं. काही नाय. परत बघते—काहीसुद्धा नाय, धुऊन उपड्या घातलेल्या पातेल्याला येईल तेवढासुद्धा वास नाय. आणि तुम्ही तिकडे दारात, पाच हात लांब, तोंडावर एकावर एक दोन मास्क चढवून उभ्या. तुम्हाला वास येतो आणि मला उघड्या नाकाने येत नाय, हे कसं ते तुम्हीच सांगा. मास्कचाच असेल तो वास. धुता की नाय कधी?

तुम्ही लग्न होऊन ह्या घरात आलात त्याच्या आधीपासून ह्या पायरीवर माझी पाटी उतरते. तुमच्या सासूबाई कधी मासा उलटूनसुद्धा बघायच्या नाय. शेवंते, तू हुंगलंस ना, मग घाल ताटात—एवढंच म्हणायच्या. आणि आता तुम्ही ताट पायरीवर ठेवून मांजरीसारख्या मागे सरता. मी काय चावते? नाय, घेऊ नका बांगडे, जोर नाय माझा, सुंगटां घ्या, कोळंबी चांगली आहे, नायतर काहीच घेऊ नका, मी आपली घटकाभर ह्या बाल्कांवच्या, तुमच्या ओसरीच्या सावलीत बसते, आज पाय जरा जड झालेत. तुम्ही राहा तिकडेच. तुमचे साहेब बँकेत, त्यांना काचेच्या मागे बसवलंय, म्हणून तुम्हाला वाटतं सगळ्या जगाने काचेमागे बसावं. मासा काचेमागून कसा विकायचा ते मला शिकवा.

त्या मास्कचं तर मला सांगूच नका. सगळा बाजार बघून येते मी रोज. एकाचा हनुवटीला, जसा काय दात दुखतोय. एकाचा एका कानाला लोंबतोय, बोकडाच्या गळ्यातल्या घंटेसारखा. त्या दिवशी एका लग्नाच्या घरी मासे द्यायला गेले, तर नवरीला शालूच्या काठाचा मास्क, वर मोती शिवलेले, आणि फोटोवाला म्हणतो, काढा काढा, तोंड दिसत नाय. मग काढला. मग सगळ्यांनी काढले. फोटोपुरता रोग बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला असणार. आणि आमचा पंच, कृष्णनाथ—देवळासमोर कर्णा लावून भाषण केलं, सर्वांनी मास्क वापरावा, आणि ते सांगायला स्वतःचा खाली ओढला, का तर आवाज घुसमटतो. त्या कर्ण्याच्या दांड्यात हा शिंकला, आणि मग तोच दांडा तोंडाजवळ धरून आणखी चार जण बोलले. मी समोर उभी, सगळं बघितलं. हसले तर माझ्याकडेच डोळे वटारतात.

आणि गेल्या वर्षी? देवाला कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, देवचाराला रोट दिला, की बाबा राखणदारा, गावाची शीव सांभाळ, रोग आत येऊ देऊ नको. शिवेवर बांबू आडवा बांधला. सिंधुदुर्गातून आलेला माझा मावसभाऊ, दोडामार्गाचा, आजारी बहिणीला बघायला आलेला—त्याला तिथूनच परतवला. आणि दुसऱ्या दिवशी दारूची गाडी आली तेव्हा तोच बांबू दोघांनी धरून वर केला. मी विचारलं, देवाने कौलात गाडीचं सांगितलं होतं काय रे? देवाने एवढं ऐकलं आणि माणसं अशी वागली, असं आमचं गाव. आणि खाली वाळूत जाऊन बघा, मांद्र्याला, ते दिल्लीवाले आणि गोरे उघड्या तोंडाने नाचतात, एकमेकांचं उष्टं पितात, त्यांना कोण विचारत नाय, त्यांच्या खोल्यांच्या भाड्यावर घरं चालतात ना. पोलीस अडवतो कुणाला? मला. आजी, मास्क कुठाय? मी म्हटलं, बाबा, पदर आहे, सासऱ्यासमोर आयुष्यभर ह्याच पदराने तोंड झाकलंय, रोगासमोर पण झाकेन. तो हसला, आणि स्वतःचा खाली करून माझी सुंगटां हुंगायला लागला. हे तुमचे नियम.

काय? साठवून नाय ठेवलेले हो बांगडे, परत तेच. बर्फातले नाय. दत्ताराम मला बर्फातला देईल? त्याची छाती नाय. सगळा किनारा ओळखतो माझं नाक—सकाळी म्हणालासुद्धा, शेवंतीकाकी, आज हुंगून बघत नाय? मी म्हटलं, बघितलं रे. बघितलं पण होतं. वास नव्हता म्हणूनच तर घेतले.

आज मला भांडायला वेळ नाय वहिनी, लवकर पाटी रिकामी करायची आहे. कारापूरला जायचंय. सांगितलं नाय तुम्हाला? नात झाली मला. आमच्या गौरेशला मुलगी. अश्विनी बाळंतपणाला माहेरी गेलेली, आज तिथेच बारसं. अजून मी तोंड बघितलं नाय पोरीचं. फोनवर दाखवलं त्याने, पण माझ्या फोनला कुठे चित्र येतं, शेजारच्या पोरीच्या फोनवर बघितलं, नखाएवढी दिसली, कपाळ आमच्या घरचं वाटलं. गौरेश तिथेच जाऊन राहिलाय सासुरवाडीला, टॅक्सी बंद, गिऱ्हाईक नाय, मग काय, बसलाय घरजावयासारखा चहात पावाचे उंडे बुडवून खात. पण संध्याकाळी मोटारसायकल घेऊन येतो म्हणाला मला न्यायला. नाव मी सांगायचंय ना. आता तुम्ही म्हणाल ते आत्याचं काम. पण आत्या आणू कुठून? मला एकच झिल, हा गौरेश, बाकीची पोरं राहिली नाय. म्हणून पाळण्यात वाकून पोरीच्या कानात नाव मी सांगणार, ते ठरलेलं आहे. आणि ते नाव मी अजून कुणालाच सांगितलं नाय. गौरेशला पण नाय. पहिल्यांदा ज्याचं त्याच्या कानात जाऊ दे, मग बाकीच्यांच्या.

तर आमची विहीण, प्रभावती—अंगणवाडीत आहे, तिचं काय विचारता, ती तुमच्याही वरताण, ती झोपतानासुद्धा मास्क काढत नसणार—तिने फोन करून मला काय सांगावं? विहीणबाई, या, पण येताना मास्क लावून या, आणि नाव पण मास्कातूनच सांगा, आणि पोरीला हातात घेऊ नका, लांबून बघा. लांबून. माझी नात मी लांबून बघायची, समुद्रातल्या बोटीसारखी. मी म्हटलं, बाई गे, फडक्यातून सांगितलेलं नाव पोरीला कसं लागेल? देव पण विचारील, कोण पुटपुटतंय. तर म्हणते, मग नाव मी सांगते, मी रोज जवळच असते. ऐकलंत? मला वाटलंच होतं. मास्क ते निमित्त, नाव तिला सांगायचंय. जन्मभर अंगणवाडीतल्या पोरांच्या हजेऱ्या घेतल्या तेवढं पुरे नाय झालं. मी पण सांगितलं, मी येणार, उघड्या तोंडाने येणार, मुका घेणार, आणि तुझ्या त्या बाटलीतलं पाणी माझ्या हातावर ओतलंस तर तुझ्याच डोक्यावर ओतीन. गौरेश बसला मध्ये आऊ, आऊ करत.

खोकला नाय हो हा. दचकता कशाला? काल आंब्याचा रस जास्त झाला, गोड काही लागेना म्हणून खाल्ला, आणखी खाल्ला, त्याने घसा धरला. आणि अंग म्हणाल तर उन्हाचं तापलंय, ह्या दिवसांत कुणाचं अंग थंड असतं, मेलेल्याचं. सगळ्याच जिनसांत आता लबाडी वाढलीय वहिनी, काही विचारू नका. बांद्याहून मशेरी आणली, चार दिवस दातांना लावते, नुसती माती, ना कडू ना काही. कोकमाची कढी केली, पाणी. आणि हे बघा, ह्याच्यावर तर कळस—तुम्हाला दाखवते. अश्विनीसाठी सुरंगीचा वळेसर, गजरा घेतला सकाळी बाजारात. बाळंतीण पोर, माळील म्हटलं, सुरंगी आता संपतच आली, परत वर्षभर मिळायची नाय. त्या बाईने केळीच्या पानात बांधून दिला, मी रस्त्यात सोडून बघते तर काय, मेलेली फुलं. दिसायला पिवळी, ताजी, आणि वास म्हणून नाय. सुरंगीला वास नाय, म्हणजे काय राहिलं? शेणीला वास येईल पण सुरंगीला—काय?

काय म्हणालात?

मी फाटकातून यायच्या आधी? इथपर्यंत?

थट्टा करू नका. म्हणजे माशांचा येतो म्हणता आणि फुलांचा पण येतो म्हणता, त्या दोन-दोन मास्कातून—आत्ता? तिथे उभ्या राहून? थांबा. मी जवळ धरते. जवळ म्हणजे नाकातच घालते. ... नाय. वहिनी, नाय येत. परत बघते. ...

बोलू नका जरा.

नाय, तुम्ही जे म्हणता ते मला कळतंय, मी काय अडाणी नाय, रेडिओवर रोज सांगतात, पंचायतीच्या भिंतीवर पण चिकटवलंय, वास जातो, चव जाते. मी ऐकून हसायचे. म्हटलं माझं नाक जायचं म्हणजे आधी समुद्र जायला हवा. चार दिवस झाले असतील. आज नाय, मशेरी आणली तेव्हापासून. म्हणजे ते बांगडे—खरंच कुजलेले असतील ना? दत्तारामने बघून घेतलं, म्हातारी हुंगते आणि काही बोलत नाय, दिले ढकलून. मला. बरं. ते राहू दे. ते बांगडे खड्ड्यात पुरीन मी.

फोन कुठे ठेवला—हा. तुम्ही आत जा, माझं घरचं बोलणं आहे. नाय जात तर उभ्या राहा, पण मध्ये बोलू नका.

हॅलो. गौरेश? ऐक. मी येत नाय. नाय, संध्याकाळी पण नाय, मोटारसायकल काढू नको. बरी आहे, मला काय होतंय, वहिनींच्या पायरीवर बसलेय, मासे विकतेय. मास्कासाठीच. व्हय, त्याच्यासाठीच. तुझ्या सासूने मला ऐकवलं ना तोंड बांधून या म्हणून, तर मी नाय येत, तोंड बांधून मी नातीच्या बारशाला जाणारी बाई नाय. ... असू दे हट्टी. तुझा बाप पण हेच म्हणत गेला. ... अश्विनीला रडायला काय झालं, तिला सांग बाळंतिणीने रडू नये. ... नाय, समजूत घालायला तू पण येऊ नको. आलास तर दार उघडणार नाय, सांगून ठेवते, तुझ्याशी बोलायचंच नाय मला आठ-पंधरा दिवस. ... गौरेश. तू माझ्याकडे जेवायला कधी आला होतास रे? ... शिगमोच्या वेळी. त्याच्यानंतर नाय ना? नक्की? ... काही नाय, सहज विचारलं. टोप राहिलाय तुझ्याकडे एक. ... नाव? नाव प्रभावतीला सांगू दे. तिलाच हौस आहे. ... व्हय, मीच म्हणतेय. देवकी. माझ्या आईचं. दे-व-की, नीट ऐकलंस? उजव्या कानात म्हणायचं, आणि ओरडायचं नाय अंगणवाडीतल्यासारखं, हळू. आणि सांग तिला, मास्क लावून म्हण. ... मग, तिचाच नियम ना, तिला पण लागू दे. ठेव आता. ठेव म्हटलं ना.

बघता काय अशा? खोटं बोलले, व्हय. खरं सांगितलं असतं तर तो जेवण टाकून धावत आला असता माझ्याकडे, कपाळाला हात लावून बघितला असता, डॉक्टरकडे मागे बसवून नेलं असतं, आणि संध्याकाळी परत जाऊन त्याच हातांनी पोरीला उचललं असतं. त्याला मी ओळखते, मऊ आहे तो. रागावला म्हणजे येणार नाय. राग काय, जाईल पावसापर्यंत.

मी जाते डॉक्टरकडे, माझी मी जाते. तुम्ही एक करा. तुमच्याआधी आज मी फक्त वरच्या वाड्यावर रामचंद्रभाऊंकडे पाटी उतरवली, सुंगटां दिली, त्यांची म्हातारी आई माझ्या खांद्याला खांदा लावून गोष्टी करत बसली होती. त्यांना फोन करा. माझं नाव घेऊन सांगा, शेवंतीला वास येत नाय, सुंगटां टाकून द्या, म्हातारीला वेगळं निजवा. लाजू नका सांगायला. उद्यापासून ह्या वाड्यावर माझी पाटी कोणी उतरवून घेणार नाय, ते मला माहीत आहे, शिवेवरचा बांबू मी बघितलाय कसा खाली येतो आणि कुणासाठी वर जातो. तरी सांगा.

आणि तुम्ही कुठे येता खाली? पाटीला हात लावायला? नको. नको म्हटलं, मागे व्हा. आधी रोज लावायचात ते वेगळं, आज मी गुडघ्यावर घेईन, मग खांद्यावर, चढेल डोक्यावर. ही पायरी फिनेल टाकून धुवा मी गेल्यावर, ताट पण. आणि त्या डोळ्यांना पाणी कशाला, मास्क भिजला की काही कामाचा राहत नाय म्हणतात. जा. दार लावा, वहिनी. आतून कडी घाला.