नाल्याचं बाटलीभर पाणी

कापसावर बोंडअळी पडली त्या सालची गोष्ट सांगतो, कपातला च्या थंड झाला तरी चालते. आपल्या रशीद मिस्त्रीची पोरगी नाझनीन डॉक्टर झाली, पण सुई टोचणारी नाही, समुद्राची. समुद्राचं पाणी आंबट होऊन राह्यलं, त्यात शिंपले विरघळतात, मग कोणते जीव टिकतात ते ती शोधते. म्हणे, बाटलीभर पाण्यावरून तिथं कोण कोण येऊन गेलं ते समजते.

मी म्हटलं, "बेटा, मंग माह्या वावरातल्या नाल्याचं पाणी ने. कोणाच्या म्हशी डुंबतात ते सांग, त्याले गावभर नाचवतो." बापू, हसू नको, संशय तुह्यावरच होता. तिनं खरंच बाटली भरून नेली.

वेचणीच्या दिवसांत तिचा फोन आला. मी बांधावरच होतो.

"काका, म्हैस आहे, बकरी आहे, रानडुक्कर आहे. आणि वाघ आहे."

"कायले म्हाताऱ्याची मस्करी करून राह्यली?"

"दोनदा तपासलं, काका. नाल्याकडे कोणाला जाऊ देऊ नका."

तिकडंच तर वेचणी चालू होती! मी पळालो. बायांजवळ पोचलो अन् बांधाकडं नुसता हात हलवत राह्यलो.

बायको कंबर सरळ करून म्हणाली, "निघा वं बायांनो. मस्करी करतानी हे आधी हसतात, याहीले आज हसू नाही येऊन राह्यलं."

साऱ्याजणी ओटीतल्या कापसासकट बांधावर आल्या. कोणी मागं राह्यलं नव्हतं. वारा पडलेला होता.

अन् कापसाची उभी पऱ्हाटी हलूनच राह्यली होती, आमच्याच दिशेनं.